भाडेकरूचा चेहरा

६ जानेवारी

आले! स्फटिक आले!

आधी वाटलं, मीठ असेल. नेहमी मीठच असतं. दोन वर्षांत मी इतक्या वेळा मिठावर नाचले आहे की आता नाचायचीही लाज वाटते. म्हणून आज शहाण्यासारखी खुर्चीत बसले, मायक्रोस्कोप नीट केला आणि थेंबातल्या सर्वांत बारक्या स्फटिकाला सुईने टोचलं. मीठ टचकन फुटतं. हा मऊ पडला, चुरा झाला. म्हणजे प्रथिन! उरले पाच, चांगले टोकदार, कडा स्वच्छ. मग मात्र नाचले. कोल्ड रूममध्ये कुणी बघत नाही.

पिपाणीला सांगताना जसं सांगते तसंच इथे लिहिते, कारण तिला सांगितल्याशिवाय मला स्वतःलाही नीट कळत नाही. पिपाणी म्हणजे माझी धाकटी बहीण. लहानपणापासून तिच्या छातीत शिटी वाजायची म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं. बाबा गेले, नाव राहिलं, शिटीही राहिली. तिच्या फुप्फुसांत कित्येक वर्षं एक जंतू मुक्काम ठोकून आहे. ती त्याला भाडेकरू म्हणते. त्याच्या अंगावरच्या पातळ पापुद्र्यात एक पंप बसलेला असतो. आपण औषध आत पाठवायचं आणि त्या पंपाने ते उचलून बाहेर फेकायचं. तो पंप म्हणजे माझं प्रथिन. तो दिसतो कसा हे कळलं तर त्याच्या घशात काय कोंबायचं ते ठरवता येईल.

मला हे तिच्यासाठी हवंय. सर विज्ञान वगैरे म्हणतात, म्हणोत. मला पिपाणी हवी आहे.

८ जानेवारी

शेजारच्या टेबलावर माझा जुना वर्गमित्र बसतो. मी त्याला शंकासुर म्हणते, तोंडावरसुद्धा. त्याने स्फटिक पाहिले, "सुरेख" म्हणाला, आणि लगेच मिठाचा खडा टाकला.

"यातला एक विरघळवून तपासून घे. तुझंच प्रथिन आहे का ते कळेल."

"माझं नाही तर काय तुझं आहे?"

"अगं, आपण वाढवतो कुठे? पाळीव जंतूच्या पोटात. त्याचे स्वतःचेही पंप असतात. गाळताना तेही गाळणीतल्या निकेलला चिकटून येतात. आणि त्यांना स्फटिक व्हायची भारी हौस."

त्याचं म्हणणं खोटं नाही. पिपाणीचा भाडेकरू आम्ही घागरींनी वाढवू शकत नाही, सगळे आजारी पडू. म्हणून त्याच्या पंपाचा आराखडा आतड्यातल्या एका निरुपद्रवी जंतूत घालतो आणि तो बिचारा आपल्यासाठी पंप बनवत बसतो. पण मी ही नळी तीनदा गाळली आहे. आणि स्फटिक पाच! त्यातला एक ह्याच्या शंकेवर उधळू?

"पाचही क्ष-किरणांसमोर जाणार," मी म्हटलं.

"तुझी मर्जी," म्हणाला आणि आपल्या जागेवर गेला. राग आला की तो फार सभ्य होतो.

११ जानेवारी, रविवार

घरी जाऊन आले. मी संस्थेच्या क्वार्टरमध्ये राहते, शहराच्या या टोकाला. आई आणि पिपाणी त्या टोकाला. रविवार ठरलेला.

पिपाणी खुर्चीत बसून आईला हुकूम सोडत होती. गॅसची टाकी कशी बदलायची, पाना कुठल्या बाजूने फिरवायचा. आई घामाघूम. "या वयात मला हे कशाला?" म्हणत होती. "तुला आलंच पाहिजे," पिपाणी म्हणाली. मी खूप हसले. मागच्या रविवारी हिने आईला एकटीला बसने बाजारात पाठवलं होतं, मुद्दाम. मास्तरीण ती मास्तरीणच. खरं तर तिला उसंत मिळाली आहे म्हणून हे उद्योग: दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी तिने दुसऱ्या बाईंकडे सोपवली. मध्येच, परीक्षा तोंडावर असताना. मला ते पटलं नाही, बोलून दाखवलं. "त्या बाई माझ्यापेक्षा बऱ्या शिकवतात," म्हणाली.

चांगली बातमी ही की शिरेतून द्यायची इंजेक्शनं डॉक्टरांनी बंद केली. गोळ्याही कमी केल्या. माझा जीव भांड्यात पडला. गेल्या वर्षी याच डॉक्टरांशी माझी वॉर्डात चांगली जुंपली होती, नंतर मी जिन्यात बसून रडले होते आणि सलाईनची नळी हातात धरून पिपाणी माझी समजूत काढायला आली होती. आता ते म्हणाले, गरज नाही. मी म्हटलं, बघ, उशिरा का होईना अक्कल आली त्यांना.

स्फटिकांचं सांगितलं तेव्हा तिचे डोळे चमकले.

"म्हणजे भाडेकरूचं तोंड बघायला मिळणार?"

"त्याचं नाही, त्याच्या पंपाचं."

"तेच ते. इतकी वर्षं भाडं न देता राहतोय, एकदा समोरासमोर तरी येऊ दे. लवकर कर हं, ताई."

"करते गं. घाई काय आहे?"

"मला नाही घाई," ती म्हणाली. "आपलं उगाच."

१९ जानेवारी

स्फटिक गोठवले. केसाएवढ्या दोऱ्याच्या फाशात एकेक उचलायचा आणि द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा. घाई झाली आणि एक गेला, फाशातून निसटून कुठे पडला देव जाणे. अर्धा तास फरशीवर ओणवी होऊन शोधत होते. जे डोळ्यांना दिसत नाही ते फरशीवर शोधणारी मी एकटीच असेन. शंकासुर काही बोलला नाही, पण तो जे बोलला नाही ते मला स्पष्ट ऐकू आलं.

चार उरले.

२७ जानेवारी

क्ष-किरणांच्या यंत्रावर आमची पाळी आज सकाळची होती. शंकासुर आणि मी काल आगगाडीने आलो, नायट्रोजनचा डबा मांडीवरच्या बाळासारखा सांभाळत. इमारत गोल आणि एवढी लांबरुंद की आतले लोक सायकलवरून फिरतात.

पहिला स्फटिक: काही नाही. दुसरा: नुसती बर्फाची वर्तुळं, म्हणजे वाया. तिसऱ्याला ठिपके! काठापर्यंत, बारीक, रेखीव. चौथा त्याहून चांगला. मी शंकासुराच्या पाठीत असा धपका मारला की त्याचा चहा सांडला.

ठिपक्यांवरून स्फटिकाची मापं आली तेव्हा तो पडद्याकडे बघत राहिला. म्हणाला, "ही मापं पाळीव जंतूच्या पंपाच्या स्फटिकांशी जुळतात."

"मग? दोघे पंप चुलत भाऊ आहेत. अंगठेवण सारखी असणारच."

"इतकी?"

आजच्या दिवशी तरी माझ्या आनंदात माती कालवू नकोस, असं मी त्याला सांगितलं. तो सांडलेला चहा पुसू लागला. मला मात्र जेवताना दोन घास कमीच गेले.

दुपारी घरी फोन लावला. पिपाणीचा फोन आईने उचलला. "झोपली आहे," म्हणाली. मागे कसली तरी टिकटिक आणि कुणी बाई मोठ्याने कुणाचं तरी नाव पुकारत होती. विचारलं तर म्हणाली, टीव्ही चालू आहे. आई दिवसा टीव्ही लावायला लागली, हे बरं झालं. तेवढंच मन रमतं.

३० जानेवारी

सुटलं! चुलत भावाचा आधीच माहीत असलेला आकार नमुना धरून गणित मांडलं आणि पहिल्याच फटक्यात बसलं. लोकांची या पायरीवर वर्षं जातात. सरांनी सगळ्यांना बोलावून पडदा दाखवला. तीन सारखे तुकडे एकमेकांत पंजे अडकवून उभे, मध्ये पोकळी, खाली पापुद्र्यात रुतलेले नागमोडी खांब. मला रडू आलं. इतका देखणा असेल असं वाटलं नव्हतं.

पिपाणीसाठी मोठं रंगीत चित्र छापून घेतलं. तीन तुकडे तीन रंगांत.

१ फेब्रुवारी, रविवार

तिच्या नाकाला नळी होती. कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. "भाड्याने आणलंय," आई म्हणाली. "जरा बरं वाटतं तिला." मला फोनवर कुणी सांगितलं नाही म्हणून मी चिडले. पिपाणी म्हणाली, "ताई, आल्या आल्या ओरडू नको. चित्र आण."

बराच वेळ बघत होती. बोटाने तिन्ही रंग गिरवले.

"दिसायला बरा आहे की मेला. मला वाटलं होतं, दात-बीत असतील."

मग मी तिला सगळं समजावलं. औषध कुठून आत येतं, कुठल्या खोबणीत सापडतं, कसं बाहेर फेकलं जातं. ती मान हलवत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "यावरून औषध व्हायला किती वर्षं लागतात?"

मी म्हटलं, "हल्ली फार नाही लागत."

"बरं."

तिने चित्र पलंगासमोरच्या भिंतीवर लावून घेतलं. मी निघताना ती त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आता बघ, रोज उठल्या उठल्या त्याला दटावते. सामान बांध म्हणते." हसता हसता खोकला आला आणि थांबेना. आई मला म्हणाली, तू निघ, बस चुकेल.

जरा वाळली आहे. पण रंग बरा वाटला. निदान मला तरी.

१० फेब्रुवारी

लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

साचा बसवल्यावर प्रथिनाचा एकेक बारीक तुकडा क्ष-किरणांवरून काढलेल्या नकाशात नीट बसवायचा असतो. माझ्या पंपात एका जागी मोठा, जाडजूड तुकडा हवा. नकाशात तिथे इवलासा कोंब. वाटलं, इथे नकाशा धूसर असेल. पुढची जागा पाहिली. माझ्याकडे लहान हवा, तिथे भला थोरला. मग जिथे जिथे दोघा चुलत भावांत फरक आहे त्या जागा काढल्या आणि एकेक पाहत गेले. प्रत्येक ठिकाणी नकाशा चुलत भावाच्या बाजूने साक्ष देत होता.

पाळीव जंतूचा पंप. ज्याचं चित्र जगाला कधीपासूनच माहीत आहे. माझं प्रथिन थेंबात होतं, पण मुकाट पडून राहिलं. स्फटिक केले ते बरोबर चिकटून आलेल्याने. आमच्या धंद्यात हा खड्डा कुणाला माहीत नाही? त्यावर आम्ही दुसऱ्यांची टिंगल करतो.

शंकासुराला बोलावलं. त्याने चार जागा पाहिल्या आणि खुर्ची ओढून शेजारी बसला. "मी म्हटलं होतं" एवढे तीन शब्द त्याच्याकडे तयार होते. त्याने ते वापरले नाहीत. वापरले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

पिपाणीच्या भिंतीवर कोण आहे? त्या बिचाऱ्याने तिचं काही वाकडं केलेलं नाही. ती रोज सकाळी भलत्यालाच दटावते आहे.

१२ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. "प्रत्येकाला हा एकदा भेटतो," म्हणाले, "तुला जरा उशिरा भेटला." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "थोडे दिवस घरी जा. बहिणीजवळ राहा."

मी म्हटलं, आता तर एक दिवसही घालवून चालणार नाही. शंकासुराच्या फ्रीझरमध्ये पाळीव जंतूची एक जात आहे, तिच्यातून तो पंपच काढून टाकलेला आहे. तिच्यात वाढवलं तर चोर येणारच नाही. सोमवारपासून सुरू केलं तर महिन्याभरात पुन्हा थेंब लावता येतील.

सर म्हणाले, "बघ बाई." त्यांना हल्ली माझा भरवसा वाटत नसावा.

१५ फेब्रुवारी, रविवार

सांगायचं ठरवूनच गेले होते. बसमध्ये वाक्यं जुळवली. पिपाणी, एक गंमत झाली. असं सुरू करायचं, म्हणजे तीही हसेल.

ती झोपूनच होती. नर्स आली होती, घरी. हल्ली रोज येते म्हणे. मला बघून पिपाणी नर्सला म्हणाली, "ही माझी ताई. हे चित्र तिनेच शोधून काढलं." दोन शब्द, मग थांबायचं, मग दोन शब्द. नर्सने चित्राकडे आणि मग माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं की बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं मी विसरले. "डॉक्टरांनासुद्धा दाखवलं," पिपाणी म्हणाली. "घरी आले होते तेव्हा."

डॉक्टर घरी कशाला आले होते, हे विचारायला हवं होतं. मी माझ्याच चोरीत होते.

मूग गिळून बसले. निघताना म्हणाले, पुढचा आठवडा रजा काढून इथेच राहू का? तर ती झटकन म्हणाली, "काही नको. तू तुझं काम कर. पुढच्या रविवारीही येऊ नको. नवीन थेंब लावायचे म्हणालीस ना फोनवर?"

"तू मला हाकलतेस?"

"हो," ती हसली. "पळ."

मी पळाले. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. तिच्यासमोर बसून त्या भिंतीकडे बघणं मला जमत नव्हतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

गेले नाही. दिवसभर कोल्ड रूम. दोन स्वेटर घातले तरी बोटं आखडतात. नवी जात छान वाढली, नळीतून काय येतंय ते आज तपासूनही घेतलं. आता मी शंकासुराहून शंकासुर झाले आहे. माझंच आहे. चोर नाही.

संध्याकाळी फोन केला. पिपाणी म्हणाली, "झालं का?" मी म्हटलं, होतंय. "छान," म्हणाली. मग नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. आईने फोन घेतला आणि म्हणाली, दमली आहे, उद्या बोल.

थेंब मंगळवारी लावेन. लागले तर तिला खरं काय ते सांगेन आणि नवीन चित्रही देईन. दोन्ही एकदम. तोपर्यंत थांबते.

२४ फेब्रुवारी

पिपाणी गेली. सकाळी.

८ मार्च

आई आणि मी. घरात दुसरं कुणी नाही. मी इथेच राहते आहे. आज आईने गॅसची टाकी एकटीने बदलली आणि मग ओट्याला टेकून रडली.

ऑक्सिजनचं यंत्र परत नेलं. चित्र भिंतीवर होतं. आई येता जाता त्याच्याकडे बघते आणि तोंड फिरवते. आज म्हणाली, "काढ ते. माझ्या पोरीला खाल्लं त्याने."

मी काढलं. आणि सांगून टाकलं. "आई, हा तो नव्हे. माझी चूक झाली. हा वेगळाच आहे, निरुपद्रवी. तुझ्या-माझ्या पोटातसुद्धा असतो."

आईला बराच वेळ उमगलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे तिने त्याला पाहिलंच नाही?"

"नाही."

"तिला माहीत होतं?"

"नाही. मी सांगितलं नाही."

"मग असू दे," आई म्हणाली. पदराने डोळे पुसले. "तिनेही तुला कुठे सांगितलं."

मग तिने सांगितलं. डॉक्टरांनी डिसेंबरातच हात टेकले होते. इंजेक्शनं बंद केली ती त्यासाठी, उगाच टोचाटोच नको म्हणून. मी यंत्रावर गेले होते तेव्हा पिपाणी हॉस्पिटलात होती. सगळ्यांना ठाऊक होतं. एवढंच काय, पिपाणीने सरांनाही फोन करून विनवलं होतं की ताईला कळू देऊ नका. माझ्या भोवती सगळे जाणते होते, आणि मी औषधं कमी झाली म्हणून खूश.

मला राग आला. फार आला. मी ओरडलेच आईवर. सख्खी बहीण ना मी? माझ्यापासून कसं लपवलंत? मी सगळं सोडून इथे बसले असते. तिचा हात धरून बसले असते.

आईने मला ओरडू दिलं. मग शांतपणे म्हणाली, "तेच तर तिला नको होतं. मी किती सांगितलं तिला, ताईला सांगू या. तर म्हणाली, 'ताईला सांगितलं तर ती आधी डॉक्टरांशी भांडेल, मग रडेल, मग मला तिची समजूत काढावी लागेल. माझ्याकडे तेवढा श्वास नाही, आई. मला तो पुरवायचाय.'"

खरंच आहे ते. आत्ता आईसमोर मी दुसरं काय करत होते?

आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. पुन्हा माझीच समजूत. मी तिचा हात धरला आणि खाली ठेवला. तिला पाणी आणून दिलं, शेजारी बसले, आणि बराच वेळ काही बोलले नाही. मला हे जमतं, हे मला माहीत नव्हतं. पिपाणीलाही नव्हतं.

मग मी हळूच विचारलं, "शेवटी तिने मला बोलावलं का?"

"नाही," आई म्हणाली.

पाणी प्यायली. पेला खाली ठेवला.

"पहाटे एकदा डोळे उघडून म्हणाली, ताई आली का. मी म्हटलं, फोन लावू? तर मानेने नको म्हणाली. मग पुन्हा दाराकडे बघत राहिली."